न्यायिक फारकत

न्यायिक फारकत : विवाह कायम ठेवून पति-पत्नींना सहजीवनाच्या बंधनातून मोकळे करणारा न्यायालयाचा हुकूमनामा. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम १० मध्ये व विशेष विवाह अधिनियम, १९५४ च्या कलम २३ मध्ये त्याची तरतूद आहे. नाते संपत नसल्याने दुसरा विवाह करता येत नाही. हिंदू जोडप्यांत परस्परांचा वारसाहक्कही शाबूत राहतो.

उगमाविषयी मतभेद आहेत. द्वेष करणाऱ्या पत्नीसाठी वर्षभर थांबावे, नंतर तिचा दाय (तिला दिलेली संपत्ती) काढून घेऊन सहवास सोडावा, असे मनुस्मृती (९.७७) सांगते; त्यात या संस्थेचे मूळ पाहण्याचा मोह होतो. कौटिलीय अर्थशास्त्रातही (काळ इ.स.पू. चौथे ते इ.स. तिसरे शतक असा निरनिराळा मानतात) परस्परद्वेषामुळे ‘मोक्ष’ सांगितला आहे. परंतु मनूचा सहवासत्याग पतीच्या एकट्याच्या मर्जीचा आहे, तर कौटिल्याचा मोक्ष विवाहच संपवतो आणि धर्मविवाहांना (ब्राह्म आदी पहिल्या चार विवाहप्रकारांना) तो लागू नाही. इंग्लंडमधील चर्च न्यायालयांच्या ‘शय्या व भोजन’ यांपासूनच्या फारकतीला १८५७ च्या कायद्याने आजचे नाव दिले आणि १८६९ च्या भारतीय घटस्फोट अधिनियमातून ती इकडे आली. ही परंपरा अधिक ग्राह्य वाटते.

हिंदू विवाह अधिनियमाच्या १९७६ च्या दुरुस्तीनंतर फारकतीची व घटस्फोटाची कारणे बहुतांशी एकच आहेत. फरक असा की, घटस्फोटाचा अर्ज विवाहानंतर वर्षाच्या आत सहसा करता येत नाही; फारकतीला ती अट नाही. हुकूमनाम्यानंतर वर्षभर सहवास सुरू झाला नाही, तर घटस्फोट मागता येतो (कलम १३, पोटकलम १-क). मुळात ही मुदत दोन वर्षांची होती आणि हा मार्ग हुकूमनामा मिळवणाऱ्यालाच खुला होता. १९६४ च्या दुरुस्तीने तो दोन्ही पक्षांना मिळाला. त्यातूनच वाद उद्‌भवला. ज्याच्या दोषामुळे फारकत झाली, त्यानेच घटस्फोट मागावा काय? केवळ पुन्हा एकत्र येण्यास नकार देणे हा याच अधिनियमाच्या कलम २३ मधील, ज्याचा फायदा घेता येत नाही असा, ‘स्वतःचा अपराध’ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दांपत्य हक्कांच्या पुनःस्थापनेच्या (सहजीवन पुन्हा सुरू करण्याच्या हुकूमनाम्याच्या) प्रकरणात ठरवले. २००१ मध्ये मात्र हुकूमनाम्यानंतरही व्यभिचार चालू ठेवून पोटगी न देणाऱ्या पतीला त्याच न्यायालयाने घटस्फोट नाकारला. दोन्ही निर्णय एकत्र वाचणेच सयुक्तिक होय. मुदत सरली की घटस्फोट आपोआप मिळतो, हा समज टिकत नाही.

ठाण्यात असे अर्ज कौटुंबिक न्यायालयात चालतात. नवी मुंबई परिसरात जिल्ह्याची हद्द महत्त्वाची ठरते : ऐरोली ते बेलापूर हा पट्टा ठाणे जिल्ह्यात, तर खारघर व पनवेल रायगडमध्ये येतात. विवाहाचे ठिकाण, प्रतिवादीचा निवास किंवा दांपत्याचे शेवटचे एकत्र घर यांवरून अधिकारक्षेत्र ठरते. २००३ पासून अर्जदार पत्नीला स्वतःच्या निवासस्थानीही अर्ज करता येतो. त्यामुळे सासर खारघरला असले, तरी ठाण्यात माहेरी राहणारी पत्नी तेथेच दाद मागू शकते.

ख्रिस्ती व पारशी विवाहविषयक कायद्यांतही ही तरतूद आहे. मुस्लिम विवाहविच्छेद अधिनियम, १९३९ मध्ये ती नाही.