मेन्सियाचा घाटमाथा

वायव्य स्पेनमधल्या मेन्सिया द्राक्षाची रेड वाइन पहिल्यांदा चाखणारे बहुतेकजण गोंधळतात. स्पॅनिश रेड म्हणजे ओकच्या पिंपात मुरलेली, भारदस्त टेम्प्रानियो द्राक्षाची वाइन, अशी जिभेची तयारी असते. इथे ग्लासात रास्पबेरी, आंबटगोड चेरी, व्हायोलेटची फुलं आणि मागून मिऱ्याची किंचित झाक.

मेन्सियाचं मुख्य घर असलेल्या बिएर्सो खोऱ्यातून सांतियागोची ख्रिस्ती यात्रावाट जाते. फ्रेंच यात्रेकरूंनीच मेन्सियाचा वेल आणला, असं सांगितलं जाई, आणि काबर्ने फ्रां या फ्रेंच द्राक्षाशी साम्य असल्यामुळे ते पटायचंही. डीएनए चाचण्यांनी ही कथा मोडीत काढली. पोर्तुगालच्या दाओ भागातलं जाएन हेच मेन्सिया निघालं. त्याचे जनक अल्फ्रोशेइरो आणि पातोरा, दोन्ही पोर्तुगालमधल्या जुन्या जाती.

त्याची बदनामी मात्र जातीमुळे झाली नाही, जमिनीमुळे झाली. १९व्या शतकाच्या अखेरीस फिलोक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने बागा संपवल्या. अमेरिकन खुंटावर कलमं बांधून पुन्हा लागवड झाली, पण बरीचशी खोऱ्याच्या सपाट, सुपीक जमिनीत. तिथे घड भरपूर लागतात आणि चव पातळ होते. शिवाय मेन्सिया लवकर पिकतं. तोडणीला थोडा उशीर झाला, तरी आंबटपणा झपाट्याने उतरतो. त्यामुळे 'हलकी, लवकर पिऊन संपवायची' असा शिक्का बसला. १९८९ मध्ये बिएर्सोला अधिकृत उगमनामाचा, म्हणजे वाइनला त्या प्रदेशाचं नाव नियमांनिशी लावण्याचा, दर्जा मिळाला, तरी तो शिक्का लगेच पुसला गेला नाही.

पुसला तो डोंगरउतारांनी. ईशान्य स्पेनमधल्या प्रिओरात या वाइनप्रदेशात नाव कमावलेले वाइननिर्माते आल्वारो पालासिओस आणि त्यांचे भाचे रिकार्दो पेरेस पालासिओस यांनी १९९९ मध्ये बिएर्सोतल्या कोरुयोन गावाभोवती काम सुरू केलं. पाटीच्या दगडाच्या तीव्र उतारांवर जुने वेल अजून उभे होते. तिथे ट्रॅक्टर चालत नाही, खेचरांनी नांगरावं लागतं. जुना वेल मोजकेच घड देतो आणि निचऱ्याच्या जमिनीत मणी लहान राहतात. म्हणून त्याच द्राक्षाला खोली आली. मला तर ही अलीकडच्या स्पॅनिश वाइनमधली सर्वांत महत्त्वाची घडामोड वाटते, कारण इथे नवीन जात आणली नाही, टाकून दिलेली जागा परत घेतली.

शेजारच्या गालिसियात, सील आणि मिन्यो नद्यांच्या दऱ्यांत, रिबेइरा साक्राच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागा आहेत. तिथली मेन्सिया सहसा अधिक हलकी आणि तरतरीत. या भागाला उगमनाम मिळालं १९९६ मध्ये.

२०१७ पासून बिएर्सोच्या नियमांत गावाचं आणि विशिष्ट शेताचंही नाव बाटलीवर घालायची सोय झाली. पहिल्यांदा घेणाऱ्याने आधी लेबलावर गावाचं नाव शोधावं, आणि बाटली साधारण १५ अंशांपर्यंत गार करून उघडावी. आपल्याकडच्या उकाड्यात तर नक्कीच.