छेना पोड्याचा तपकिरी रंग येतो कुठून?

छेना पोडा म्हणजे छेना (दूध फाडून मिळणारा मऊ, ओलसर गोळा) साखर घालून भाजलेली मिठाई. तिच्या मराठी पाककृती पाहिल्या तर बऱ्याच ठिकाणी सुरुवात कॅरॅमलने होते. डब्याच्या तळाशी साखर वितळवायची, ती तांबूस झाली की वर छेन्याचं मिश्रण ओतायचं आणि भाजायला ठेवायचं. उलटा करून काढला की वर चकचकीत तपकिरी थर. दिसतो सुरेख, पण तो रंग बाहेरून लावलेला असतो. त्यातून एक गैरसमज मात्र पक्का होतो, की छेना पोड्याची खमंग कड म्हणजे जळलेली साखर. खरं तर ती कड मुख्यतः दुधातल्या प्रथिनांची करामत आहे. ती कशी घडते हे कळलं की तळाशी कॅरॅमल ओतण्याची गरजच उरत नाही.

छेना पोडा ओडिशाचा, त्यातही नयागड जिल्ह्यातल्या दसपल्ल्याचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथले हलवाई सुदर्शन साहू यांनी उरलेल्या छेन्यात साखर मिसळून तो निवत चाललेल्या भट्टीत रात्रभर ठेवला आणि सकाळी हा पदार्थ हाती आला, असं सांगितलं जातं. साल वृक्षाच्या पानांत गुंडाळून, मंद आचेवर, तासन् तास भाजण्याची तिथली रीत आजही टिकून आहे. ‘रात्रभर’ आणि ‘निवत चाललेली भट्टी’ हे तपशील लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

आधी छेना. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन. त्याचे सूक्ष्म गोळे दुधात तरंगत असतात आणि त्यांच्यावरच्या ऋण विद्युतभारामुळे एकमेकांना चिकटत नाहीत. लिंबाचा रस पडला की दुधाचा सामू (pH, जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ६.६ च्या आसपासून खाली उतरतो, तो भार कमी होतो आणि गोळे एकत्र येऊन गुठळ्या बनतात. दूध गरम असताना ते फाडण्यालाही कारण आहे. उरलेली २० टक्के प्रथिनं, म्हणजे एरवी निवळीबरोबर (दूध फाटल्यावर सुटणाऱ्या पाण्याबरोबर) वाहून जाणारी, ७० अंश सेल्सिअसच्या वर उलगडतात आणि केसीनला चिकटतात. म्हणून छेन्यात त्यांचाही मोठा वाटा येतो.

आपल्याकडे दूध नासलं की काही घरांत अजून अपशकुन मानतात. त्यात शकुनाचा काही संबंध नाही. जिवाणूंनी दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल केलं, एवढंच झालेलं असतं. छेना करताना तेच काम आपण लिंबाने, ताजं दूध घेऊन, काही मिनिटांत करतो. तसंच ‘ए-टू’ म्हणून महाग विकल्या जाणाऱ्या दुधाचं. ए-वन आणि ए-टू हे बीटा-केसीन या केसीनच्या एका प्रकाराचे दोन नमुने; त्यांच्यात २०९ पैकी फक्त ६७व्या जागेवरच्या अमिनो आम्लाचा फरक असतो. छेना पोडा चांगला होण्यासाठी त्या दुधाला दुप्पट पैसे मोजण्यात काही अर्थ नाही. गाईचं साधं ताजं दूध घ्या. म्हशीच्या दुधात केसीन आणि कॅल्शियम जास्त, त्यामुळे त्याचा छेना घट्ट आणि रवाळ होतो.

आता मूळ मुद्दा. १९१२ साली लुई कामिय मायार या फ्रेंच वैज्ञानिकाने अमिनो आम्लं आणि साखर एकत्र तापवली की मिश्रण तपकिरी होतं, हे नोंदवलं. पावाची कड, भाजलेली कॉफी, खरपूस खवा या सगळ्यांत हीच मायार अभिक्रिया असते. तिला दोन घटक लागतात: प्रथिनावरचा मोकळा अमिनो गट आणि क्षपणकारी साखर, म्हणजे जिचं एक टोक रासायनिकदृष्ट्या मोकळं आहे अशी साखर. केसीनमध्ये लायसीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं आणि त्याच्या बाजूच्या साखळीच्या टोकाशी नेमका असा अमिनो गट असतो.

गंमत साखरेत आहे. आपण डब्यातून काढून घालतो ती साखर, म्हणजे सुक्रोज, या अभिक्रियेत थेट भाग घेऊच शकत नाही. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची क्रियाशील टोकं एकमेकांना बांधूनच सुक्रोज बनलेलं असतं, मोकळं टोक उरतच नाही. दुधातल्या साखरेचं, म्हणजे लॅक्टोजचं, एक टोक मात्र मोकळं असतं. छेन्यात राहिलेल्या ओलाव्याबरोबर थोडं लॅक्टोजही राहतं आणि सुरुवात तेच करतं. दरम्यान उष्णता आणि उरलासुरला आंबटपणा मिळून काही सुक्रोज फोडतात, त्यातून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटतात आणि तेही कामाला लागतात.

लायसीनचा अमिनो गट साखरेच्या मोकळ्या कार्बोनिल टोकाला जोडला जातो, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि शिफ बेस नावाचं संयुग तयार होतं. त्याची अंतर्गत पुनर्रचना होऊन अमाडोरी संयुग बनतं. इथवर रंग नसतो. पुढे ते तुटून डायकार्बोनिल संयुगं होतात, ती इतर अमिनो आम्लांना गाठून सुगंधी अल्डिहाइड्स मोकळी करतात (याला स्ट्रेकर विघटन म्हणतात), आणि सगळ्यात शेवटी उरलेले तुकडे एकमेकांत गुंफून मेलानॉयडिन नावाचे मोठे तपकिरी रेणू तयार होतात. १९५३ मध्ये अमेरिकेच्या जॉन हॉज यांनी या वाटा एका आराखड्यात मांडल्या. तो आराखडा आजही शिकवला जातो. वास आणि रंग एकाच साखळीतून निघतात, म्हणून डोळे मिटूनही भाजणं कुठवर आलंय ते नाकाला कळतं.

आंबटपणा इथे दुहेरी वागतो. सुक्रोज फोडायला तो मदत करतो, पण अमिनो गटाला हायड्रोजन आयन चिकटवून निकामीही करतो. सामू एकने उतरला की मोकळे अमिनो गट जवळपास दहापट कमी होतात. म्हणून छेना गार पाण्याने धुणं केवळ लिंबाची चव घालवण्यासाठी नसतं. न धुतलेला छेना फिकट राहण्याची शक्यता जास्त. धुताना थोडं लॅक्टोज वाहून जातं हे खरं, पण एकदाच, हलक्या हाताने धुतलं तर पुरेसं राहतं.

दुसरी अट पाण्याची. छेन्याच्या मिश्रणात पाणी आहे तोवर आतलं तापमान १०० अंशांच्या आसपास अडकून राहतं. अभिक्रिया झपाट्याने होते ती १४० अंशांच्या पुढे, म्हणजे कड सुकल्यावरच. म्हणून काप कापला की आत पांढरं, मग दुधी, मग बदामी आणि अगदी बाहेर गडद तपकिरी असे पट्टे दिसतात. खरवस वाफेवर शिजतो, तापमान १०० च्या वर जात नाही, म्हणून त्याला अशी कड कधीच येत नाही. नुसत्या मायक्रोवेव्हवर केलेला छेना पोडा पांढराफटक राहतो, त्यालाही हेच कारण.

पण १०० अंशांना अभिक्रिया थांबत नाही, फक्त हळू होते. तासभर आटवलेल्या बासुंदीला येणारी गुलाबीसर छटा हा त्याचाच पुरावा. दसपल्ल्याची भट्टी इथे समजते: तापमान कमी, वेळ भरपूर, म्हणून रंग आणि वास कडेपुरते न राहता आतपर्यंत झिरपतात. घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर घाई केली तर कड करपते आणि आत नुसता गोड छेना राहतो.

तर घरी असं करा. दोन लिटर गाईचं दूध उकळून गॅस बंद करा, मिनिटभराने पाणी मिसळलेला लिंबाचा रस थोडा थोडा घाला आणि निवळी हिरवट, स्वच्छ दिसली की थांबा. सुती कापडात गाळून धुवा आणि अर्धा तास टांगून ठेवा. पनीरसारखं वजनाखाली दाबू नका, ओलावा हवा आहे. साधारण ३५० ग्रॅम छेना मिळेल. त्यात १०० ग्रॅम साखर, दोन मोठे चमचे बारीक रवा, चमचाभर तूप आणि वेलची घालून तळहाताने मऊ मळा. साखर विरघळताच मिश्रण सैल होतं, घाबरू नका. २० मिनिटं ठेवलं की रवा फुगून ते सावरतो.

सालाची पानं नसतील तर डब्याला केळीचं पान लावा. हळदीचं पान पातोळ्यांना शोभतं, इथे मात्र त्याचा वास छेन्याच्या वासावर कुरघोडी करतो. १६० अंशांवर सव्वा ते दीड तास भाजा. ओव्हन नसेल तर कुकरच्या तळाशी मीठ पसरून, शिट्टी आणि रबर काढून, झाकण लावून अगदी मंद आचेवर तेवढाच वेळ ठेवा. कडा डब्यापासून सुटल्या आणि वर गडद तपकिरी रंग आला की झालं.

पूर्ण निवल्याशिवाय कापू नका. गरम असताना प्रथिनांची जाळी सैल असते आणि पाक पातळ, काप मोडतात. फ्रिजमध्ये दोन दिवस छान टिकतो, पण आतलं पाणी हळूहळू कडेकडे सरकतं आणि ती मऊ पडते. खाण्याआधी काप कोरड्या तव्यावर, कडेच्या बाजूने, दोन-तीन मिनिटं ठेवले की ते पाणी उडतं आणि कड पुन्हा खमंग लागते.