सुखोई ओझरला बनतं, तेजसही ओझरला बनतं. मग फरक कुठे आहे?

१७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकजवळच्या ओझरच्या एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या) कारखान्यातून तिथे बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं आणि जुना घोळ नव्याने सुरू झाला. एक मत असं, की यात नवल ते काय, ओझरला गेली वीस वर्षं सुखोई बनतायत, तीही स्वदेशीच की. दुसरं मत असं, की तेजसचं इंजिन अमेरिकन, तेव्हा कसलं आलंय स्वदेशी. कहर म्हणजे पुष्कळदा ही दोन्ही मतं एकाच माणसाची असतात आणि तो ती एका दमात सांगतो. रशियन इंजिनाचं सुखोई आपलं आणि अमेरिकन इंजिनाचं तेजस परकं, हा हिशोब मला आजवर कुणी नीट मांडून दाखवलेला नाही.

सुखोई-३०एमकेआयची ओळख करून द्यायची गरज नाही. १९९६ चा पहिला करार, २००० साली १४० विमानं भारतात बनवण्याचा परवाना, पुढे वाढत वाढत एकूण मागणी २७२ वर, आणि अपघातात गेलेल्यांची भरपाई म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२. हवाई दलाचा कणा हाच. तेजसचीही तारीखवार कुंडली बहुतेकांना तोंडपाठ असते: १९८३ ला मंजुरी, २००१ ला पहिलं उड्डाण, २०१६ ला पहिली स्क्वाड्रन, २०१९ ला अंतिम परवानगी. एक दुहेरी इंजिनाचं अवजड विमान, दुसरं एका इंजिनाचं हलकं. ताकद, पल्ला, शस्त्रांचं वजन यांची तुलना करत बसण्यात काही अर्थ नाही. ती विमानं वेगवेगळ्या कामांची आहेत.

आता सगळ्या गोंधळाचं मूळ: टक्केवारी.

संरक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये त्या १२ सुखोईंचा करार जाहीर करताना स्वदेशी वाटा ६२.६ टक्के सांगितला. सप्टेंबर २०२५ मध्ये ९७ तेजस मार्क-१एचा ६२,३७० कोटींचा करार झाला, तेव्हा स्वदेशी वाटा सांगितला ६४ टक्क्यांहून अधिक. हे दोन आकडे शेजारी ठेवा. रशियात आखलेलं विमान आणि बंगळुरूत आखलेलं विमान, दोघांत फरक उरतो दीड-दोन टक्क्यांचा. हा आकडा जर खरोखर स्वदेशीपण मोजत असेल तर ओझरचं सुखोई आणि ओझरचं तेजस ही सख्खी भावंडं ठरतात. पण तो ते मोजतच नाही. विमानाच्या किमतीतले किती रुपये देशात खर्च झाले, एवढंच त्यातून कळतं. त्यातही मोजायची पद्धत बदलली की आकडा बदलतो. आधीच्या तेजसबद्दल सरकारनेच किमतीच्या हिशोबाने सुमारे ६० टक्के आणि सुट्या उपकरणांच्या संख्येच्या हिशोबाने सुमारे ७५ टक्के असे दोन आकडे दिले होते. विमान तेच. त्यामुळे कुणी नुसते 'इतके टक्के स्वदेशी' म्हणालं की माझा हात आपोआप कपाळावर जातो.

रोजगार किती, परकीय चलन किती वाचलं, हे पाहायला टक्केवारी जरूर बघावी. पण खरा फरक दुसरीकडेच आहे. विमान बदलायचं झालं तर परवानगी कुणाची लागते? या व्यवसायातले लोक याला डिझाइन ऑथॉरिटी म्हणतात. आराखड्याचे कागद हातात असणं वेगळं आणि तो आराखडा बदलून 'हे विमान आता सुरक्षित आहे' अशी सही करता येणं वेगळं.

परवाना घेऊन उत्पादन करताना नेमकं काय हाती येतं ते बघा. सुरुवातीला जवळजवळ तयार विमान मोठ्या भागांत येतं, आपण जोडतो. मग भाग लहान होत जातात. शेवटच्या टप्प्यात कच्च्या मालापासून सुटे भाग इथे घडतात. सुखोईत ओझरने हा शेवटचा टप्पाही गाठला, आणि ते काम अजिबात सोपं नाही. टायटॅनियमचं यंत्रकाम म्हणजे पोरखेळ नव्हे. पण नकाशावर एखाद्या भागाची जाडी चार मिलिमीटर लिहिली असेल तर आपण ती बरोबर चार मिलिमीटर करतो. ती तीन का नाही, कोणत्या चाचणीत तीनची तडकली, पाच केली असती तर वजन कुठे नडलं असतं, हे त्या नकाशात नसतं. ते मूळ संस्थेच्या हिशोबवह्यांत आणि तिथल्या अभियंत्यांच्या डोक्यात असतं. परवान्याच्या किमतीत नकाशा येतो, ती डोकी येत नाहीत.

हे कधी टोचतं? पंखाखाली नवं क्षेपणास्त्र टांगायचं म्हटलं की. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हूक लावला, क्षेपणास्त्र अडकवलं, झालं काम. प्रत्यक्षात त्या वजनाने पंख कोणत्या वेगाला थरथरायला लागेल ते तपासावं लागतं. सोडल्यावर क्षेपणास्त्र विमानाच्याच पोटाला तर धडकणार नाही ना, ते पाहावं लागतं. एका बाजूचं सुटलं आणि दुसऱ्या बाजूचं अडकलं तर विमान किती कलेल, आणि ते सावरायला उड्डाण नियंत्रणाचा संगणक पुरा पडेल का, याचं गणित मांडावं लागतं. मग क्षेपणास्त्राने रडारशी आणि मिशन कॉम्प्युटरशी (रडार, शस्त्रं वगैरेंचा मेळ घालणाऱ्या विमानातल्या संगणकाशी) बोलायला हवं, म्हणजे त्यांच्या सॉफ्टवेअरला हात लावायला हवा. एवढं सगळं झालं की प्रमाणपत्र. या साखळीतली एखादी कडी जरी परदेशात अडकली असेल तर तिथे पैसे मोजा आणि वाट बघा.

मिराज-२००० हे याचं उत्तम उदाहरण. ती विमानं तर आपण थेट विकतच घेतली होती. १९८५ पासून ती आपल्या ताफ्यात, कारगिलमध्ये नाव कमावलेली. पण त्यांचं आधुनिकीकरण करायची वेळ आली तेव्हा २०११ साली फ्रेंच कंपन्यांशीच करार करावा लागला, दहा हजार कोटींहून अधिकचा. विमानं आपली, वैमानिक आपले, बरंचसं काम एचएएलच्या बंगळुरूच्या शेडमध्ये, आणि किल्ली फ्रान्सकडे. भाड्याच्या घरात रंग बदलता येतो, भिंत पाडायची तर मालकाला विचारावं लागतं.

सुखोईची गोष्ट याहून जरा बरी आहे, आणि 'परवान्याचं म्हणजे नुसती जोडाजोडी' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ती लक्षपूर्वक वाचावी. एमकेआयचा करार करताना भारताने रशियन विमान जसंच्या तसं उचललं नव्हतं. त्यात फ्रेंच आणि इस्रायली उपकरणं घातली, आणि मिशन कॉम्प्युटर डीआरडीओचा घातला. त्या एका हट्टाचं फळ पुढे ब्रह्मोसच्या वेळी दिसलं. अडीच टनांचं क्षेपणास्त्र विमानाच्या पोटाखाली लावायचं होतं. विमानातले यांत्रिक आणि विजेचे बदल एचएएलने केले, सॉफ्टवेअर हवाई दलाच्या अभियंत्यांनी लिहिलं. २५ जून २०१६ ला ओझरहून ब्रह्मोस घेऊन सुखोई पहिल्यांदा उडालं, २२ नोव्हेंबर २०१७ ला बंगालच्या उपसागरावर डागून झालं, आणि जानेवारी २०२० मध्ये तंजावरला ब्रह्मोसवाल्या सुखोईंची स्क्वाड्रन उभी राहिली. म्हणजे परवान्यातसुद्धा आपण काय मागून घेतो त्यावर पुष्कळ अवलंबून असतं. पण जे मागून घेतलं नाही, किंवा मिळालं नाही, ते रशियाचंच राहिलं: मूळ सांगाडा, उड्डाण नियंत्रण, बार्स रडार, इंजिन.

तेजसचा प्रश्न इथे सगळ्यात वेगळा पडतो, आणि त्याची खरी परीक्षा १९९८ मध्ये झाली. तेजस मुद्दाम अस्थिर बनवलंय, म्हणजे संगणक बंद पडला तर वैमानिकाला ते नुसत्या हातांनी सांभाळता येणार नाही. संगणकाने क्षणोक्षणी पंखांवरच्या पट्ट्या किती हलवायच्या याचे नियम, ज्यांना कंट्रोल लॉ म्हणतात, तेच या विमानाचं मर्म. त्या कामात लॉकहीड मार्टिनची मदत घेतली जात होती. पोखरणचे स्फोट झाले, अमेरिकेचे निर्बंध आले आणि आपल्या अभियंत्यांना तिथून परत यावं लागलं. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेतल्या चमूने ते काम इथेच पुरं केलं. ४ जानेवारी २००१ ला विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी पहिलं विमान उडवलं ते त्याच नियमांवर. कार्यक्रमाला वर्षानुवर्षं उशीर झाला, पैसा गेला, टिंगल झाली. पण त्या दिवसापासून या विमानाबद्दलचा 'का' आपल्याकडे आहे. २३ ऑगस्ट २०२३ ला गोव्याच्या किनाऱ्याजवळ तेजसवरून 'अस्त्र' हे स्वदेशी क्षेपणास्त्र डागलं. अस्त्र टांगायचं की नाही, कधी टांगायचं, यासाठी कोणत्याही परदेशी कंपनीच्या उंबरठ्यावर उभं राहावं लागलं नाही. मार्क-१एसाठी उड्डाण नियंत्रणाचा संगणकही इथलाच, आणि आधी बसवलेल्या इस्रायली रडारच्या जागी पुढे 'उत्तम' नावाचं स्वदेशी रडार बसवता येतं, ते याच हक्काच्या जोरावर.

'पण इंजिन?' हो, इंजिन. तेजससाठी इथेच आखलेलं कावेरी इंजिन वेळेत आणि पुरेशा ताकदीचं झालं नाही, २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळं केलं, आणि आज तेजस जनरल इलेक्ट्रिकच्या एफ-४०४ वर उडतं. २०२१ मध्ये ९९ इंजिनांची मागणी नोंदवली, त्यातलं पहिलं आलं मार्च २०२५ मध्ये. तोवर सांगाडे तयार आणि इंजिनाची वाट, ही नामुष्की झालीच. (सगळा उशीर इंजिनाच्या आडोशाला लपवणाऱ्या एचएएलचंही मला कौतुक नाही, प्रमाणपत्रं आणि शस्त्रांची जुळवणी याही बाकी होत्याच.) इंजिनाच्या बाबतीत आपण परावलंबी आहोत आणि ते दुखणं खरं आहे. पण ते पुरवठ्याचं दुखणं आहे. स्वीडनच्या ग्रिपेनमध्येही अमेरिकन घराण्याचंच इंजिन असतं, तरी ग्रिपेनला अमेरिकन विमान म्हटलेलं मी कुणाकडून ऐकलेलं नाही. हा कडक निकष फक्त तेजससाठीच का राखून ठेवलाय?

आणि इंजिनावरून आठवलं. ओडिशातल्या कोरापुटला एचएएल परवान्यावर लढाऊ विमानांची इंजिनं कितीतरी दशकं बनवतंय. आधी मिगची, मग सुखोईची. सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी २४० एएल-३१एफपी इंजिनांचा २६,००० कोटींहून मोठा करार झाला. परवान्यावर काम करता करता आपोआप डिझाइन येत असतं, तर कावेरी कधीच तयार व्हायला हवं होतं. ते तसं होत नाही, याचा याहून ढळढळीत पुरावा कुठला द्यायचा? ओझरचंही तेच. १९६४ ला उभ्या राहिलेल्या त्या कारखान्यात मिग-२१, मग मिग-२७, मग सुखोई बनली. उत्कृष्ट कारागीर तयार झाले. एकाही नव्या विमानाचा आराखडा तिथून निघाला नाही, कारण ते काम त्यांना कुणी दिलंच नव्हतं.

याच्या उलटही होऊ शकतं, हे मारुतने दाखवलं. १९६१ मध्ये उडालेलं एचएफ-२४ मारुत जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या हाताखाली इथेच आखलेलं होतं, १४७ विमानं बनली, १९७१ मध्ये राजस्थानात लढलीही. आराखडा आपला, पण साजेसं इंजिन शेवटपर्यंत मिळालं नाही आणि पुढची पिढी जन्मलीच नाही. डिझाइनचा हक्क असून भागत नाही, तो टिकवायला पुढचं काम हातात असावं लागतं.

पाकिस्तानने चीनच्या साथीने बनवलेल्या जेएफ-१७ या लढाऊ विमानाबद्दल थोडक्यात, कारण 'त्यांनी पटकन बनवलं, आपल्याला जमलं नाही' हे वाक्य कानावर आल्यावाचून राहत नाही. ते ना सुखोईसारखं निव्वळ परवान्याचं, ना तेजससारखं. १९९९ चा करार, पहिलं उड्डाण २००३ मध्ये चीनमधल्या छंगतूला, पहिली स्क्वाड्रन २०१० मध्ये. पाकिस्तानातल्या कामराच्या कारखान्यात सांगाड्याचा ५८ टक्के भाग बनतो, इंजिन रशियन. आराखड्याचं मुख्य काम छंगतूच्या संस्थेचं, आणि नव्या आवृत्तीचं रडार आणि लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रंही चीनचीच. पाकिस्तानने विमान वेळेत मिळवलं आणि ते त्यांच्या गरजेला पुरलं. व्यवहार म्हणून तो वाईट नव्हता. पण ५८ टक्क्यांवर भाळण्यात तीच चूक आहे, जी ६२.६ वर भाळण्यात आहे.

११४ परदेशी लढाऊ विमानं भारतात बनवायचा प्रस्ताव २०१८ पासून हवेत आहे, आणि तेजसच्या पुढच्या आवृत्तीसाठीच्या अमेरिकन एफ-४१४ इंजिनाच्या ८० टक्के तंत्रज्ञान हस्तांतरणाची चर्चा २०२३ पासून. मिग-२१ निवृत्त झाल्यावर स्क्वाड्रनांची संख्या मंजूर ४२ च्या कितीतरी खाली आली आहे, त्यामुळे बाहेरून विमानं घ्यावीच लागतील आणि त्यात कमीपणा काही नाही. माझं म्हणणं एवढंच, की या बातम्या वाचताना टक्क्यांवरून नजर पुढे सरकवावी आणि कलमं शोधावीत. अस्त्र लावायला कुणाची सही लागेल? मिशन कॉम्प्युटर कुणाचा? रडारचा सोर्स कोड मिळणार का? इंजिनाच्या त्या ८० टक्क्यांत सगळ्यात तापणाऱ्या भागातल्या पात्यांचं तंत्र येतं, की नेमकं तेच उरलेल्या २० मध्ये आहे?