४४ बाइटची फाइल म्हणजे गाणं नव्हे

ग्वाल्हेरच्या अनेक मराठी घरांत मैफलींच्या, गुरुजींच्या तालमीच्या ऑडिओ सीडी जपलेल्या आहेत. त्यातला तुकडा एडिट करायचा म्हटलं की हमखास सल्ला मिळतो: ‘सीडीतली ट्रॅक ०१ फाइल डेस्कटॉपवर ओढा, झालं.’ विंडोजवर असं होत नाही.

ऑडिओ सीडीवर मुळात फाइली नसतातच. विंडोज दाखवतं ती ‘सीडीए’ फाइल फक्त ४४ बाइटची असते. ट्रॅक कुठे सुरू होतो आणि किती लांब आहे, एवढंच तिच्यात असतं. खरा आवाज मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेतो; म्हणजे ४० मिनिटांचा ख्याल ४०० एमबीच्या वर जातो. फाइल ओढली की झालं, हा समज टिकला, कारण सीडी ड्राइव्हमध्ये असेपर्यंत ओढलेली फाइल वाजते. सीडी काढली की गप्प. तोवर कुणी मूळ सीडी देऊन टाकली असेल, तर ते गाणं कायमचं गेलं, आणि याचंच मला फार वाईट वाटतं.

मॅकवर मात्र ओढलेली एआयएफएफ फाइल खरी असते.

विंडोजवर सीडी ‘रिप’ करावी लागते, म्हणजे ट्रॅकचा आवाज वाचून त्याची खरी फाइल बनवावी लागते. जुन्या ‘विंडोज मीडिया प्लेअर’च्या (लेगसी) रिप सेटिंगमध्ये डब्ल्यूएव्ही हा आवाज न गाळणारा फाइल प्रकार निवडा. ओरखडे असतील तर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हे सॉफ्टवेअर वापरा, ते शंकास्पद भाग पुन्हापुन्हा वाचतं. मग ती फाइल ऑडॅसिटी या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये उघडा. एमपीथ्री सगळं एडिटिंग संपल्यावरच करा, कारण त्यात दर सेव्हला आवाजाचा थोडा भाग गळतो.