पार्श्वभूमी : लिंक्डइनवरची हलती चित्रे आणि ‘जीआयएफ’ या शब्दाचा घोळ

दिवाळीच्या आठवड्यात लिंक्डइन उघडले की कंपन्यांच्या शुभेच्छांमध्ये पणत्यांच्या ज्योती हलताना दिसतात. एरवीही नवे उत्पादन, एखादा अहवाल किंवा वेबिनारची घोषणा यांच्या सोबतीला तीन-चार सेकंदांचे, बिनआवाजाचे, पुन्हापुन्हा फिरणारे चित्र असते. सगळे त्याला जीआयएफ म्हणतात. पुष्कळदा ती जीआयएफ नसतेच, आणि प्रचाराचे काम करणाऱ्यांची बरीचशी डोकेदुखी इथूनच सुरू होते.

मूळ जीआयएफ म्हणजे चित्रे साठवण्याचा एक फाइलप्रकार; ती 1987 ची, मोडेमच्या काळातली. एका अमेरिकन ऑनलाइन सेवेने रंगीत चित्रे कमी जागेत पाठवता यावीत म्हणून ती तयार केली. 1989 च्या आवृत्तीत दोन चौकटींमध्ये, म्हणजे एकामागून एक दिसणाऱ्या चित्रांमध्ये, किती थांबायचे, हे सेकंदाच्या शंभराव्या भागात नोंदवण्याची सोय आली. अखंड फिरत राहणे मात्र त्या मानकात नव्हते. ते 1990 च्या दशकाच्या मध्यावर नेटस्केप 2.0 या ब्राउझरने आपल्या बाजूने जोडले. आजही एखादी फिरती जीआयएफ साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहा. अगम्य चिन्हांच्या गर्दीत ‘नेटस्केप2.0’ ही रोमन अक्षरे चक्क वाचता येतात. त्या ब्राउझरची देखभाल 2008 मध्ये थांबली, नाव मात्र फाइलींमध्ये राहिले. मधल्या काळात जीआयएफच्या आकुंचनाच्या, म्हणजे फाइल लहान करण्याच्या, पद्धतीवरील पेटंटचा वाद पेटला, त्यातून पीएनजी हा दुसरा चित्रप्रकार जन्माला आला आणि 2003 मध्ये अमेरिकेतले पेटंट संपले.

आपल्या विषयाला खरे वळण मिळाले ते 2014 मध्ये. ट्विटरने जीआयएफ दाखवायला सुरुवात केली, पण चढवलेली फाइल आतल्या आत एमपी4 व्हिडिओत बदलली जाऊ लागली. कारण सरळ होते. जीआयएफच्या एका चौकटीत 256 च रंग मावतात, आणि तिचे आकुंचन सपाट रंगांवर चांगले चालते, छायाचित्रांवर नाही. व्हिडिओत फक्त बदललेला भाग नोंदवता येतो, त्यामुळे तेच दृश्य कितीतरी कमी जागेत बसते. मोबाइल डेटावर ते सोयीचे. इतर माध्यमांनीही हीच वाट धरली. बटणावर मात्र ‘जीआयएफ’ हाच शब्द राहिला.

हे रूपांतर योग्यच होते. शब्द न बदलणे ही चूक होती, असे माझे ठाम मत आहे. कारण आता एकाच शब्दाचे तीन अर्थ झाले आहेत : एक फाइलप्रकार, एक छोटा मूक व्हिडिओ, आणि संग्रहातून निवडलेली तयार प्रतिक्रिया. ग्राहक ‘जीआयएफ द्या’ म्हणतो, डिझायनर .gif काढून देतो, आणि संध्याकाळी फोन येतो, ‘अहो, हलत नाहीये.’ चित्र लेखाच्या दुव्याची झलक म्हणून लावलेले असते, आणि ती झलक साधारणपणे स्थिरच दिसते. दुसऱ्या वेळी ते हलते, पण पणतीमागचा केशरी उजेड एकसंध न दिसता त्याचे पट्टे पडतात. तो दोष डिझायनरचा नसतो, 256 रंगांचा असतो. तेच दृश्य एमपी4 म्हणून चढवले असते तर पट्टे सहसा इतके पडले नसते.

लिंक्डइनवर ही चित्रे उशिरा रुळली. थेट व्हिडिओ चढवण्याची सोय 2017 मध्ये आली, आणि खासगी संदेशांत जीआयएफ शोधून पाठवण्याची सोय 2018 मध्ये. तेव्हा ‘इथे कामाचे बोला’ म्हणणारे अनेक होते. त्यांची नाराजी तिसऱ्या अर्थाबद्दल होती, आणि ती मला पटते. सिनेमातला डोळे फिरवणारा नट मित्राला पाठवणे वेगळे. तोच कंपनीच्या पानावर विक्रीसाठी वापरला की स्वामित्वहक्काचा प्रश्न उभा राहतो. पण सॉफ्टवेअरमध्ये कुठे क्लिक करायचे, आलेखाची रेघ वर्षागणिक कशी चढली, यंत्राचा हात कसा वळतो, हे चार सेकंदांत दाखवणे म्हणजे उथळपणा नव्हे. तिथे हलते चित्र दोन परिच्छेदांचे काम करते.

वेबच्या सुलभतेची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे 2008 पासून सांगत आली आहेत, की आपोआप सुरू होऊन इतर मजकुरासोबत पाच सेकंदांहून जास्त हलणारा भाग वाचकाला थांबवता आला पाहिजे, आणि सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखाट नको. हालचालीने ज्यांचे वाचनावरचे लक्ष उडते, त्यांच्यासाठी पहिला नियम आहे; लखलखाटाने ज्यांना झटका येऊ शकतो, त्यांच्यासाठी दुसरा. खऱ्या जीआयएफमध्ये थांबवण्याचे बटण नसते. एमपी4 ला ते मिळते.

शिवाय लिंक्डइनवर व्हिडिओ आपोआप सुरू होणे बंद ठेवता येते. ज्यांनी ते बंद ठेवले आहे त्यांच्यासमोर येते ते थांबलेले चित्र. कित्येक शुभेच्छापत्रांत सुरुवातीला नुसता काळा पडदा असतो, पणती दुसऱ्या सेकंदाला उजळते आणि कंपनीचे नाव सर्वांत शेवटी उमटते.