आखरापासून क्रीडांगणापर्यंत

वर्धा नदीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गावांतली मैदाने पाहिली, तर त्यांत फारसा फरक दिसत नाही. गावाच्या कडेला, बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेमागे, दोन-तीन एकरांचा मुरमाड तुकडा असतो. एका बाजूला खो-खोचे दोन खांब, मधोमध फक्कीने, म्हणजे चुन्याच्या भुकटीने, आखलेल्या आणि अर्धवट पुसल्या गेलेल्या कबड्डीच्या रेषा, कडेला एखादे कडुनिंब. पहाटे तेथे भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावतात, दुपारी ढोरे बसतात, सायंकाळी टेनिस बॉलचे क्रिकेट रंगते आणि हंगामात एका कोपऱ्यात ताडपत्रीवर सोयाबीन किंवा धान वाळत पडलेले असते. तलाठ्याच्या दप्तरात मात्र नदीच्या दोन काठांवरच्या या दोन तुकड्यांची नावे आणि त्यांचा इतिहासही वेगळा आहे. तो समजल्याशिवाय गावमैदानाचे आजचे प्रश्न उलगडत नाहीत.

1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले आणि 1854 मध्ये नागपूरच्या भोसल्यांचे राज्य खालसा झाले. वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी आली, म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा भरू लागला, तर नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आताचे चंद्रपूर) या बाजूला मालगुजारी रुजली, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून सरकारात भरू लागला. वऱ्हाडात गावच्या ढोरांसाठी सोडलेली सरकारी जमीन ‘ई-क्लास’ म्हणून नोंदली गेली. अमरावती, यवतमाळ, अकोल्याकडच्या शेतकऱ्याच्या तोंडी हा शब्द आजही आहे. पूर्वेकडे पडीक जमीन मालगुजाराच्या मालकीची असली, तरी चराई, सरपण आणि वाटा यांवर गावकऱ्यांचा वहिवाटीचा हक्क होता आणि त्याला निस्तार म्हणत. 31 मार्च 1951 रोजी मालगुजारी संपली, या पडीक जमिनी सरकारजमा झाल्या आणि पुढे 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांना जागा राहिली. गावाने पिढ्यान्‌पिढ्या कोणती जमीन कशासाठी वापरली, हे सांगणारे हे कागद आहेत आणि मैदानाचा माग काढणाऱ्याने सातबाराच्याही आधी ते पाहावेत, असे माझे मत आहे.

कारण मैदान हे मुळात खेळासाठी सोडलेच नव्हते. ते आखर होते. सकाळी घरोघरची ढोरे तेथे जमत, गायकी, म्हणजे गावचा गुराखी, ती मोजून घेई आणि कळप चराईला जाई. दिवस मावळताना तेथूनच ती आपापल्या गोठ्याकडे फिरत. आखर नेहमी बरड, म्हणजे हलक्या मुरमाड, जमिनीवर असे, कारण कपाशी-ज्वारीला येणारी काळी कसदार जमीन कोणी ढोरे उभी करायला सोडत नसे. हीच गोष्ट खेळाच्या पथ्यावर पडली. काळी जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसात पायाला चिकटते. तिच्यावर धावणे म्हणजे पाय मुरगळून घेणे. मुरमाड बरडावर पाणी थांबत नाही आणि रोज शेकडो खुरांखाली तुडवली गेलेली जमीन आपोआप सपाट व घट्ट होते. ढोरे चरायला गेली की मोकळी झालेली ही जागा पोरांची होई आणि तेथे हुतूतू, विटी-दांडू, आट्यापाट्या यांचे डाव पडत. पोळ्याचे तोरणही बऱ्याच गावांत येथेच बांधले जाते, बैलांच्या रांगांसमोर झडत्या, म्हणजे पोळ्याची चुरचुरीत पद्ये, येथेच म्हटल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन आलेली लेकरे त्याच जागी उभी राहतात.

या मोकळ्या जागेला व्यायामाची शिस्त लागण्यात अमरावतीचा वाटा मोठा आहे. तेथे 1914 मध्ये वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली आणि 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने परदेशी प्रेक्षकांसमोर देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. त्याहून महत्त्वाचे हे, की येथे तयार झालेले व्यायामशिक्षक खेडोपाडीच्या शाळांत गेले आणि हुतूतूला मोजलेल्या रेषा व नियम मिळाले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या प्रेरणेने गावोगाव उभ्या राहिलेल्या गुरुदेव सेवा मंडळांनी सामुदायिक प्रार्थनेसोबत ग्रामसफाई आणि व्यायाम यांचाही आग्रह धरला. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. शाळांच्या क्रीडा संमेलनांनी आखराला ‘मैदान’ हे नाव मिळवून दिले. आसपासच्या शाळांच्या केंद्राचे सामने आपल्या गावी असले, की आदल्या दिवशी सारे गाव सराटे वेचायला आणि सुंभ ताणून रेषा आखायला लोटत असे.

सरकारी पैसा येथवर पोहोचायला बराच काळ गेला. 2008-09 मध्ये केंद्र सरकारची ग्रामीण खेळांसाठीची ‘पायका’ योजना आली, 2014 मध्ये तिचे राजीव गांधी खेल अभियान झाले आणि पुढे ती खेलो इंडियात मिसळली. राज्याची क्रीडांगण विकास अनुदान योजना आहे आणि रोजगार हमीतूनही खेळाचे मैदान तयार करता येते. सपाटीकरण आणि कुंपण झाले, कोठे खुल्या व्यायामाची लोखंडी साधने बसली. पण बहुतेक ठिकाणी पहिली अडचण पैशाची नसून जमिनीच्या नोंदीची निघाली.

महसूल संहितेच्या कलम 22 नुसार जिल्हाधिकारी गावातील सरकारी जमीन गुरचरण, स्मशान, खळे, बाजार किंवा इतर सार्वजनिक कारणासाठी राखून ठेवू शकतात. गावाने मात्र ‘आपलीच तर जागा आहे’ म्हणून अशी नोंद क्वचितच करून घेतली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2011 मध्ये गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले आणि त्यानंतर 12 जुलै 2011 च्या शासन निर्णयाने गायरान जमिनींच्या वाटपावर कडक बंधने आली. यामुळे कितीतरी मैदाने बळकावली जाण्यापासून वाचली, हे मान्यच केले पाहिजे; परंतु कागदावर गुरचरण राहिलेल्या मैदानावर साधी कपडे बदलण्याची खोली बांधायची, तरी परवानगीचा प्रवास लांबला. पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांत तर ‘झुडपी जंगल’ या जुन्या महसुली नोंदीची, म्हणजे झुडपांच्या पडीक जमिनीची, गाठ आहे. झाड औषधालाही नसलेले कित्येक तुकडे या नावाने नोंदले गेले आणि मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच असल्याचा निर्वाळा दिला. तेथे मैदानाचे काम करायचे, तर आता वनकायद्याची वाट धरावी लागते.

आता ढोरे कमी झाली, गायकी मिळत नाही आणि ट्रॅक्टरने बैलांची जागा घेतली. आखराचे मूळ काम सरत आले, तशी मैदानाची गरज वाढली आहे. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते. गोळा मुलांसाठी 7.260 किलोचा, मुलींसाठी 4 किलोचा असतो. आमच्या गावच्या मुलांनी खो-खोच्या खांबांना वळसा घालून 200 मीटरची लंबगोल वाट आखली आहे. मुलांचे आठ फेरे, मुलींचे चार. पहाटे साडेपाचला मोबाईलच्या उजेडात एक जण वेळ मोजतो आणि शेवटच्या फेरीला ‘आखरी’ अशी आरोळी देतो. या मुलींच्या आज्यांना आखरावर फक्त शेण वेचायला यावे लागे. पूर्वेच्या बाजूला, जेथे पोळ्याचे तोरण बांधतात, तेथे ही वाट थोडी आत वळते. श्रावणी अमावास्येला तोरणाचे खांब उभे राहिले की दोन दिवस धावणे बंद असते, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे बैलांच्या खुरांनी पुसलेली फक्की पुन्हा मारली जाते.