इन की एलहाउस? इंग्लंडमधल्या खेड्यातला जुना पब ओळखताना

इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यात चर्चजवळ जुना पब दिसतो. पाटीवर ‘इन’ लिहिलेलं असतं आणि आपण धरून चालतो की पूर्वी इथे प्रवासी मुक्कामाला असणार. बरेचदा तसं नसतं. आज सरसकट पब म्हटल्या जाणाऱ्या वास्तूंची कुळं वेगवेगळी आहेत. त्यांतली इन (प्रवाशांच्या मुक्कामाची सराई) आणि एलहाउस (एल नावाची बिअर विकणारं घर) या दोहोंत सर्वांत जास्त गल्लत होते, कारण पुढे साध्या एलहाउसांनीही ‘इन’ हे भारदस्त नाव लावून घेतलं.

इन उभं राहिलं रस्त्यामुळे. पैसे देऊ शकणाऱ्या प्रवाशाला जागा असेल तर नाकारायचं नाही आणि त्याच्या सामानाची जबाबदारी घ्यायची, हे इनच्या मालकावर कायद्यानेच बंधन होतं. सॉमरसेटमधल्या नॉर्टन सेंट फिलिप गावचं ‘जॉर्ज इन’ पाहा. ते जवळच्या हिंटनच्या मठाचं होतं. गावात लोकरीचा मोठा व्यापार चाले आणि त्यासाठी येणाऱ्यांची सोय इथे होई. १६६८ साली रोजनिशीकार सॅम्युअल पेपिस इथे जेवून गेला. १६८५ मध्ये बंडखोर ड्यूक ऑफ मॉनमथ सैन्यासह येऊन थांबला. रस्त्यावरून जाणाऱ्या मोठ्या माणसांची नोंद राहते, म्हणून इनचा इतिहास सहज सापडतो. घोडागाडी आत घेता येईल अशी कमान, मागे अंगण, तबेले या इनच्या खुणा. रेल्वे आली आणि घोडागाड्यांवर जगणाऱ्या कितीतरी इनांचा कणा मोडला.

एलहाउस मात्र मुळात कुणाचं तरी राहतं घर. घरातली बाई घरच्यापुरती एल गाळताना थोडी जास्त गाळी, आणि एल लवकर आंबट होई म्हणून उरलेली शेजाऱ्यांना विकी. मापात किंवा दर्जात खोट काढून तिला दंड होई. जहागिरीच्या न्यायसभांच्या जुन्या नोंदींत अशा बायकांची नावं पानोपानी भेटतात. एरवी ज्या गरीब बायकांचं नावही इतिहासात उरलं नसतं, त्या या दंडामुळे आपल्याला कळतात. मला तरी हा भाग कुठल्याही ड्यूकच्या मुक्कामापेक्षा मोलाचा वाटतो.

१५५२ च्या कायद्याने एलहाउसला न्यायदंडाधिकाऱ्यांचा परवाना लागू लागला. एखादी निराधार विधवा गावावर ओझं होऊ नये म्हणून तिला परवाना दिला जाई. संख्येतला फरकही बोलका आहे: १५७७ च्या सरकारी मोजणीत एलहाउसं सुमारे १४,००० भरली, इनं १,६०० च्या आसपास. १८३० च्या कायद्याने तर दोन गिनी (दोन पौंडांहून थोडं जास्त) भरून घरातच बिअर विकायची मुभा मिळाली आणि खेडोपाडी नवी बिअरहाउसं निघाली. १८६९ मध्ये त्यांचे परवानेही न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हातात गेले.

घराचा तो थाट काही ठिकाणी अजून दिसतो. डेव्हनमधल्या ड्रूस्टाइन्टनच्या ‘ड्रू आर्म्स’मध्ये १९१९ ते १९९४ एकाच बाईंनी पब चालवला. तिथे बारचा काउंटरच नव्हता. मागच्या खोलीतल्या पिंपातून बिअर भरून खिडकीवजा झरोक्यातून द्यायची.

तेव्हा पाटीपेक्षा इमारत पाहा. कमान आणि तबेले नसतील, खोल्या बसक्या आणि राहत्या घरासारख्या असतील, तर बहुधा ते एलहाउस किंवा बिअरहाउस. खात्री हवी असेल तर काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) अभिलेखागारात परवान्यांच्या वह्या मागा. अनेक काउंट्यांत त्या अठराव्या शतकापासूनच्या आहेत आणि त्यांत गाव, परवानाधारक, बरेचदा पबचं तेव्हाचं नावही मिळतं.